किंचित थंडी, घरे तीन: शब्दकोड्यातला गारवा कसा ओळखायचा आणि कसा वापरायचा

कोड्यात सूत्र असते ‘हवेतील सुखद थंडपणा’ किंवा नुसते ‘किंचित थंडी’, आणि समोर तीन रिकामी घरे. घाईत ‘थंडी’ लिहावे तर एक घर उरते. ‘थंडावा’ बरोबर तीन घरांत बसतो, पण खाली जाणारा उभा शब्द अडतो. ‘गारठा’ही तीनच घरांचा, आणि तिथेच बरेच जण पेन्सिल ठेवतात. उत्तर बहुतेक वेळा ‘गारवा’ असते, पण प्रत्येक वेळी नाही. नेमके कधी, हे ठरवायची पद्धत पुढे देतो. ती एकदा बसली की थंडीवरचे कुठलेही सूत्र सुटते आणि लिहिता-बोलतानाही हे शब्द जागच्या जागी पडतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे: मराठीत थंडीचे शब्द फक्त ‘किती थंड’ यावर वेगळे होत नाहीत. थंडपणा कुठे आहे (हवेत, पदार्थात की अंगात) आणि तो हवासा आहे की नकोसा, यावर ते वेगळे होतात. म्हणून अर्थ ठरवून मगच घरे भरावीत.

सोलापूरकरांचा कान या बाबतीत तयार असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जाणारे हे गाव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो साधारण पंधरा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे सरकतो. पठारावरची कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने उष्णता सोडते आणि सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात गार वाटते. होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा संध्याकाळी पाळण्यात बसल्यावर अंगावर जे येते तो गारवा. त्याच रात्री उशिरा तलावाच्या कडेने घरी परतताना दुचाकीवर जे लागते त्याला तेवढ्याने भागत नाही, तिथे ‘गारठा’ म्हणावे लागते. एकाच दिवसात, एकाच मैदानाच्या आसपास दोन्ही शब्द खरे ठरतात.

आधी घरे नीट मोजा

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर येते, तेही त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणून ‘थंडी’ दोन घरांची (थं-डी), ‘गारवा’ तीन (गा-र-वा), ‘थंडगार’ चार (थं-ड-गा-र) आणि ‘कुडकुडणे’ पाच. रफार असला की गोंधळ होतो. ‘सर्द’ हा शब्द बोलताना तीन अक्षरांचा वाटतो, पण घरे दोनच: स-र्द. ‘मार्गशीर्ष’ चार घरांत बसतो: मा-र्ग-शी-र्ष. रफाराला कधीही वेगळे घर देऊ नका, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावरच राहतो.

ऱ्हस्व-दीर्घाकडेही लक्ष हवे. ‘हीव’ लिहिताना ही दीर्घ, पण ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’मध्ये हि ऱ्हस्व. ‘शीतल’ची शी दीर्घ, ‘शिशिर’ची शि ऱ्हस्व. ‘शी’च्या घरातून जाणारा उभा शब्द ‘शि’ने सुरू होत असेल, तर दोहोंपैकी एक उत्तर चुकले आहे असे धरून चाला. काही कोडी याबाबत सैल असतात, पण चांगले कोडे असते ते सैल नसते.

सूत्राचे व्याकरण पाहा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि निम्मी उत्तरे इथेच सापडतात. सूत्र नाम असेल तर उत्तर नाम, विशेषण असेल तर विशेषण, ‘-णे’ने संपत असेल तर क्रियापद.

‘किंचित थंड’ आणि ‘किंचित थंडी’ ही दोन सूत्रे सारखी दिसतात, पण पहिले विशेषण मागते आणि दुसरे नाम. नाम हवे असेल तर ‘गारवा’. विशेषण हवे असेल आणि घरे चार असतील तर ‘थंडसर’. ‘-सर’ हा प्रत्यय मराठीत थोडेपणा दाखवतो: ओलसर, लालसर, काळसर, गोडसर. सूत्रात ‘किंचित’, ‘थोडेसे’, ‘जरासे’ यांपैकी काही दिसले आणि विशेषण हवे असले, की शेवटच्या दोन घरांत स-र बसते का ते आधी तपासा.

इथे एक जागा फार चकवते. ‘थंडसर’ आणि ‘थंडगार’ दोन्ही चार घरांचे, दोन्ही ‘थंड’ने सुरू होणारे, दोन्ही ‘र’वर संपणारे. फरक फक्त तिसऱ्या घरात: एकात ‘स’, दुसऱ्यात ‘गा’. अर्थ मात्र जवळजवळ उलटे. थंडसर म्हणजे जेमतेम थंड, थंडगार म्हणजे अगदी थंड. तेव्हा तिसऱ्या घरातून जाणारा उभा शब्द सुटेपर्यंत ते घर मोकळे ठेवणेच शहाणपणाचे. बाकीची तीन घरे बिनधास्त भरा.

नामांच्या बाबतीत ‘-वा’ हा शेवट ओळखीचा करून घ्या. गारवरून गारवा, गोडवरून गोडवा, थंडवरून थंडावा, ओल्यावरून ओलावा. सूत्रात ‘-पणा’ने संपणारा शब्द दिसला (थंडपणा, ओलेपणा, गोडपणा), की शेवटच्या घरात हलक्या हाताने ‘वा’ लिहून ठेवायला हरकत नाही.

थंडी कुठे आहे ते विचारा

हवेतल्या थंडीची चढती भाजणी अशी लागते: गारवा, थंडी, गारठा, कडाका. गारवा हवाहवासा असतो. उकाड्यानंतर, पहिल्या पावसानंतर, दिवाळीच्या पहाटे तो येतो आणि कुणी त्याची तक्रार करत नाही. थंडी ही मोजमापाची मधली पायरी, चांगलीही असू शकते (‘गुलाबी थंडी’) आणि त्रासाचीही (‘बोचरी थंडी’). गारठा नकोसा, ठाण मांडून बसलेला, हातपाय आखडवणारा. कडाका म्हणजे थंडीचा जोर, आणि तो बहुतेक वेळा ‘थंडीचा’ या शब्दाला धरूनच येतो. ‘थंडीचा जोर’ असे सूत्र, तीन घरे, तर उत्तर ‘कडाका’.

बातम्यांत येणारी ‘थंडीची लाट’ याहून वेगळी. ती हवामान खात्याची संज्ञा आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जावे लागते आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी तरी उतरावे लागते. सोलापूरच्या रोजच्या डिसेंबरला हे नाव लावणे बरोबर नाही. लिहिताना एवढी काळजी घ्यावी.

अंगातल्या थंडीचे शब्द वेगळे. शिरशिरी ही क्षणाची असते, पाठीतून सरकून जाणारी, आणि ती भीतीनेही येते. काकडणे आणि कुडकुडणे चालू राहते. हुडहुडी भरते तेव्हा माणूस थांबवू म्हटले तरी थरथर थांबत नाही, आणि ती तापाच्या आधीही भरते. शिरशिरी आणि हुडहुडी दोन्ही चार घरांच्या, शेवटचे घर एकात ‘री’, दुसऱ्यात ‘डी’. सूत्रात ‘ताप’ असेल तर हुडहुडी, ‘भीती’ असेल तर शिरशिरी, आणि दोन्ही नसतील तर शेवटच्या घराचा उभा शब्द निकाल देईल.

राहिला थंडावा. हा शब्द हवेपेक्षा परिणामाचा आहे. ताकाने पोटाला थंडावा मिळतो, गुलाबपाण्याने डोळ्यांना, सावलीत बसल्यावर जिवाला. सूत्रात ‘आराम’, ‘दिलासा’, ‘उष्णता कमी झाल्याची जाणीव’ असे काही असेल तर थंडावा, आणि ‘हवा’, ‘पहाट’, ‘वारा’ असेल तर गारवा. हा एवढा निकष लावला तरी पुष्कळ खाडाखोड वाचते.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांना इथे एक सोपी कसोटी उपलब्ध आहे. कन्नडात ‘चळि’ म्हणावे की ‘तंपु’, हे तुम्हाला विचार न करता कळते. जिथे चळि, तिथे मराठीत थंडी. जिथे तंपु, तिथे गारवा किंवा थंडावा. तेलुगूत अंगाला वाजणारी ती ‘चलि’, आणि ‘चल्लगा’ म्हटले की सुखावणारे गार. शहराच्या पूर्व भागातल्या अशा घरांतल्या मुलांना हे शब्द शिकवताना घरच्या भाषेतून गेले तर फरक लगेच उमजतो.

शब्दाची जोडी कोणत्या क्रियापदाशी

रिकाम्या जागेची सूत्रे (‘हुडहुडी ____’) सोडवायला आणि एरवी नीट लिहायलाही हा भाग कामाचा आहे.

थंडी पडते, वाजते, भरते, ओसरते, पळते. गारठा पडतो, वाढतो. हुडहुडी भरते. शिरशिरी येते. कापरे भरते. दात वाजतात. गारवा मात्र वाजत नाही आणि भरतही नाही. गारवा असतो, येतो, जाणवतो, पसरतो. ‘मला गारवा वाजतोय’ असे कुणी लिहिले तर ते मराठी कानाला खटकते. आपल्याकडे ‘गार वाजायलंय’ म्हणतात ते बरोबरच आहे, पण तिथे शब्द ‘गार’ आहे, ‘गारवा’ नव्हे.

उदाहरणे देतो, म्हणजे हाताला वळण पडेल. ‘दिवाळीनंतर पहाटेच्या हवेत गारवा जाणवू लागला.’ ‘माठातल्या पाण्याचा गारवा फ्रिजच्या पाण्याला नाही.’ ‘देवळाच्या दगडी गाभाऱ्यात मे महिन्यातही गारवा असतो.’ हे तिसरे वाक्य सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको. जाड दगडी भिंत तापायला वेळ घेते, म्हणून बाहेर उन्हाच्या झळा असताना आत गार राहते. आता याच वाक्यात ‘गारठा’ घालून पाहा. वाक्य उभे राहते, पण आत जाऊन बरे वाटले हा अर्थ निघून जातो.

विभक्ती लागली की रूप बदलते: गारव्याने, गारव्यात, गारठ्याने, गारठ्यात, हिवाने. कोड्यात उत्तर मूळ रूपातच घ्यायचे. सूत्र स्वतः प्रत्ययासह आले असेल (‘थंडीने आखडणे’), तर प्रत्यय उत्तरात उतरवू नका. इथे चार घरांत उत्तर ‘गारठणे’.

‘गार’ आणि ‘थंड’ यांतही वाटणी आहे. चहा गार होतो, भाकरी गार होते, पाणी गार असते. डोके मात्र थंड ठेवायचे, बाजार थंडावतो, प्रतिसाद थंड मिळतो. माणसाचा स्वभाव, व्यवहार, उत्साह यांच्याकडे सूत्र बोट दाखवत असेल तर ‘गार’ला हात लावू नका, अपवाद फक्त ‘गार पडणे’ या वाक्प्रचाराचा.

चकवे

‘शीत’ दोन घरांचा. अर्थ थंड, आणि शिजलेल्या भाताचा दाणाही शीतच. ‘यावरून भाताची परीक्षा’ असे सूत्र आले तर थंडीचा विचारच करायचा नाही.

‘गार’ म्हणजे थंड, आणि आभाळातून पडणारा बर्फाचा खडाही गार. त्याचे अनेकवचन गारा, त्यावरून गारपीट. चकमकीच्या दगडालाही गार म्हणतात, गारगोटी त्यातलीच. म्हणून ‘बर्फाचा खडा’, दोन घरे, असे दिसले तर ‘हिम’ लिहायची घाई नको.

‘काकडा’ पाहून काकडणे आठवते, पण काकडा म्हणजे देवापुढे पहाटे पेटवतात ती कापडाची जाड वात, आणि त्यावरून त्या वेळची आरती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा हे सूत्र सुटायलाच हवे. ‘पहाटेची आरती’, तीन घरे: का-क-डा.

‘हीव’ हा जुना शब्द आता एकटा फारसा ऐकू येत नाही, पण हिवाळ्यात आणि हिवतापात तो आहेच. ‘थंडी’ हे सूत्र, दोन घरे, आणि पहिल्या घरात उभ्या शब्दाने ‘ही’ आणून ठेवली असेल तर अडखळू नका.

ऋतूंचे एक लक्षात ठेवा: हेमंतात मार्गशीर्ष-पौष, शिशिरात माघ-फाल्गुन. दोन्ही नावे तीन घरांची आहेत, म्हणून सूत्रातला महिना वाचल्याशिवाय लिहू नये.

शंका राहिलीच तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ची) उघडावा. दोन्ही आता संगणकावर, फोनवर शोधता येतात. जुन्या शब्दांचे दुसरे-तिसरे अर्थ तिथे मिळतात, आणि कोडेकर्ते नेमके त्याच अर्थांवर टपलेले असतात.

आता हातात पेन्सिल घ्या

तीन बाय तीनचा चौकोन काढा. मधले एक घर काळे करा. सूत्रे अशी:

आडवे, वरची ओळ: किंचित थंडी.
आडवे, खालची ओळ: देऊळ.
उभे, डावीकडे: मंदिराचा आतला भाग.
उभे, उजवीकडे: जुन्या लुगड्या-धोतरांची शिवलेली गोधडी.

वरच्या ओळीपासून सुरुवात करू नका. तिथे गारवा, गारठा, थंडावा असे तीन दावेदार आहेत. ज्या सूत्राला एकच उत्तर संभवते तिथे आधी जायचे. ‘मंदिराचा आतला भाग’ म्हणजे गाभारा, याला तीन घरांत दुसरा शब्द सहज सुचत नाही. तो लिहिला की वरच्या ओळीचे पहिले घर ‘गा’ झाले. थंडावा बाद. खालच्या ओळीचे पहिले घर ‘रा’ झाले, तेव्हा ‘देऊळ’ला तीन घरांत ‘राऊळ’. त्याने उजव्या उभ्या शब्दाचे शेवटचे घर ‘ळ’ दिले. आता शिवलेली गोधडी, शेवट ‘ळ’: वाकळ. तिच्या ‘वा’ने वरच्या ओळीचे तिसरे घर भरले आणि गारठ्याचा दावा संपला. गा-र-वा.

घाईने आधीच ‘गारठा’ लिहिला असता तर उजवीकडचा शब्द ‘ठा’ने सुरू होऊन ‘ळ’ने संपायला हवा होता, आणि पांघरुणात तसा शब्द नाही. असे अडले की शेवटची अक्षरे बदलून पाहा, पहिली दोन पुसू नका. गारवा आणि गारठा यांची पहिली दोन घरे एकच आहेत.

पांघरुणे आणि शेकोट्या

थंडीच्या सूत्रांजवळ हे शब्द हमखास येतात, आणि इथे घरांची संख्या काहीच मदत करत नाही. चादर, रजई, दुलई, वाकळ, गोधडी, घोंगडी, धाबळी, कांबळे: सगळे तीन घरांचे! म्हणून कशापासून केले आहे ते सूत्रात शोधा. कापूस भरलेली ती रजई किंवा दुलई, आणि दोन्ही ‘ई’वर संपतात, तेव्हा पहिले घर मिळेपर्यंत थांबावे. जुन्या कापडांचे थर शिवलेली गोधडी किंवा वाकळ. लोकरीची घोंगडी, धाबळी, कांबळे. आणि मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी, भौगोलिक मानांकन मिळालेली म्हटले की चादर, तीही आपल्या गावची. सूत्रात ‘सोलापूरची’ एवढा शब्द असला तरी पुरतो.

शेकोटी आणि आगटी यांचेही तसेच, दोन्ही तीन घरांच्या आणि शेवटी ‘टी’. हुरडा भाजण्याचा उल्लेख असेल तर आगटी. नुसते अंग शेकण्याचे सूत्र असेल तर दोन्ही चालतात, पहिल्या घराचा उभा शब्द आधी सोडवा.

इंग्रजी कोड्यात हेच सूत्र आले तर

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले इंग्रजी कोडीही सोडवतात, म्हणून थोडे त्याविषयी. इंग्रजीत प्रत्येक घरात एक वर्ण येतो. शब्दकोड्याचे जनक मानले जाणारे आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले, त्यातही घराला एक वर्ण असेच होते. ‘किंचित थंड’ला पाच घरांत बहुतेक वेळा ‘निपी’ येते, स्पेलिंग एन-आय-पी-पी-वाय. त्याच्या मुळाशी चिमटा घेण्याचा अर्थ आहे, म्हणून आपल्या ‘बोचऱ्या’ हवेच्या तो जवळचा. ब्रिटनमध्ये हाच शब्द चपळ माणसाला आणि चटकन वळणाऱ्या छोट्या गाडीलाही लावतात. सूत्र ‘थंड किंवा चपळ’ असे दुहेरी आले तर हेच उत्तर. चार घरे असतील तर ‘कूल’, सहा असतील तर ‘चिली’. मिरची-पदार्थाच्या चिलीचे अमेरिकी स्पेलिंग पाच वर्णांचे असते, तिची सरमिसळ होऊ देऊ नका.

स्वतः सूत्र लिहिताना

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी किंवा घरच्या मुलांसाठी कोडे करणार असाल तर ‘गारवा’ला ‘थंडी’ असे आळशी सूत्र देऊ नका. सोडवणाऱ्यावर तो अन्याय आहे, कारण त्याने लिहिलेला गारठाही मग चूक ठरवता येत नाही. ‘उकाड्यानंतर हवेत येतो तो’ असे लिहा. लिंगही कळते, जागाही कळते, सुखदपणाही कळतो. ‘गारठा’ला ‘हातपाय आखडवणारी थंड हवा’, ‘थंडावा’ला ‘ताकाने पोटाला मिळतो तो’. लहान मुलांसाठी ‘गारेगार’ ठेवा, चार घरे, सूत्र ‘काडीवरचा बर्फगोळा विकणारा ओरडतो ते’. ती हे सूत्र सगळ्यात आधी सोडवतात.

सरावाला पाच सूत्रे देतो. एक, पदार्थाची ऊब जाऊन हळूहळू थंड होणे, तीन घरे. दोन, पहाटे गवताच्या पात्यावर साचणारे थेंब, दोन घरे, आणि त्याचाच जुना शब्द चार घरांत. तीन, थंडीने थरथरणे, चार घरे, पहिले ‘का’. चार, धड गरम नाही, धड गार नाही असे पाणी, तीन घरे. पाच, थंडीची हलकी, आवडती छटा दाखवायला तिच्याआधी लावतात तो रंग, तीन घरे.

उत्तरे: निवणे. दव, दहिवर. काकडणे. कोमट. गुलाबी.